आईपणाची तालीम

बऱ्हाणपूरचे नाव इतिहासात एका आईच्या मृत्यूशी जोडले गेले आहे. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा ह्या गावी अंत झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचा देह काही महिने होता. पुढे तो आग्र्यास नेण्यात आला आणि तेथे ताजमहाल उभा राहिला. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही बऱ्हाणपूरकर त्याला राजघाटावर उभे करून ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगतो. वारलेल्या आईचे स्मारक असे जगाला दाखविता येते. जिवंत आई जे रोज करते, त्याला काम म्हणावे की नाही, ह्यावर मात्र आमच्या घराघरांत अजून एकमत झालेले नाही.

हा विषय आज निघण्याचे कारण शनवाऱ्याजवळ राहणाऱ्या एक गृहिणी. त्यांचे नाव मुद्दामच देत नाही. गाव लहान आहे आणि कोणाची जाहिरात करण्याचा माझा हेतू नाही. मी गाण्याचा मास्तर. बाईंची धाकटी मुलगी माझ्याकडे शिकावयास येते, त्यामुळे त्या घरी माझे जाणे-येणे. बाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी नोकरी सुटली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घराची खालची खोली रिकामी केली, सकाळी तीन ते सहा वर्षांची मुले तेथे जमवू लागल्या, आणि शनिवारी संध्याकाळी त्याच खोलीत मुलांच्या आईबापांना बसवू लागल्या. मुलांची फी निराळी, आईबापांची निराळी. मोठ्या शहरांतून ह्या व्यवसायाला ‘पेरेंट कोचिंग’ म्हणतात. बाईंनी दारावर साधी पाटी लावली आहे : ‘पालक-मार्गदर्शन’.

पाटी लागली आणि गल्लीत हशा पिकला. आता आईबापांचीही शिकवणी! बाईंच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, एकदा मला म्हणाल्या, “मास्तर, पाच लेकरं वाढवली मी. कुणाला फी दिली नाही की कुणाकडून घेतली नाही. आता पोर रुसलं तर काय करावं, हेही पैसे मोजून विचारायचं?”

आजींचा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. त्यात दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, आईपण हे उपजत असते. ते शिकवावयाचे काय? दुसरा असा की, शिकवावयाचेच झाले तर त्याचे पैसे कसे घ्यावेत? घरच्यांनी सुनेला येत्या गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत खोलीने आपला खर्च भागविला नाही, तर ती एका दुकानदाराला गोदामासाठी भाड्याने द्यावयाची, असे ठरले आहे. तेव्हा ह्या दोन आक्षेपांची उत्तरे आताच शोधावयास हवीत.

पहिल्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे काठेवाडात जावे लागेल. गिजुभाई बधेका हे तिकडचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. ह्याला शिकवावे कसे, ह्या विचारात ते पडले आणि इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या लेखनापर्यंत पोचले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. गुजरातेत लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले. ह्या प्रेमळ थट्टेत एक विचार आहे. आईपण सगळेच्या सगळे उपजत असते, तर ते एका वकिलाला साधले नसते. त्यांनी ते वाचून, पाहून आणि मुलांजवळ तासन् तास बसून मिळविले. आईबापांसाठी लिहिलेल्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘माबाप थवुं आकरुं छे’ असे आहे. आईबाप होणे अवघड आहे, असा त्याचा अर्थ.

गिजुभाईंच्या जोडीला जाऊन उभ्या राहिल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीस गेल्या, पण तो संसार टिकला नाही आणि पदरी लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वी अशा बाईपुढे कोणता रस्ता असे, हे जुन्या घरांतील वाचकांना सांगावयास नको. माहेरच्या माजघरात एक कोपरा, आणि जन्मभर दुसऱ्यांची मुले फुकट सांभाळणे. ताराबाईंनी तो रस्ता धरला नाही. त्या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची होती, पगाराची होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या आणि तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसल्या.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. गिजुभाईंचे पुष्कळसे लेखन पुढे हिंदीत आले ते काशिनाथ त्रिवेदी यांच्या परिश्रमाने. म्हणजे आपल्या माळवा-निमाडकडच्या वाचकांनाही ते परके राहिले नाही. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत, शिशुविहार सुरू केला. त्यांच्या काही पुस्तकांची नावे पाहा : ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’, ‘बालविकास व शिस्त’. नुसत्या नावांवरूनही कळते की, मुलांइतकेच त्यांचे लक्ष मोठ्यांकडे होते. मूल दिवसाचे चार तास बालमंदिरात असते आणि वीस तास घरी. घर बदलले नाही तर बालमंदिराचे चार तास वाहून जातात, हे कोणाही बालशिक्षिकेला पहिल्या वर्षीच कळून येते.

ह्यात शिकण्यासारखे काय असते, असे कोणी विचारील. माझ्या विषयातलेच एक उदाहरण देतो. मॉन्टेसरींच्या साहित्यात घंटांचा एक संच असतो. एकाच सुराच्या दोन-दोन घंटा. दिसावयास सगळ्या सारख्या, फरक फक्त नादात. मुलाने एक वाजवावयाची आणि तिची जोडीदार कानाने शोधून काढावयाची. सा कोणता आणि रे कोणता, ही नावे मागाहून येतात. आमच्या तालमीचा क्रमही हाच : आधी कान, मग गळा, आणि नाव सर्वांत शेवटी. पण माझ्याकडे मूल घालावयास येणारे दहापैकी सात पालक पहिल्याच दिवशी विचारतात, “सर, परीक्षेला कधी बसेल?” कान अजून उघडला नाही आणि प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर टांगून तयार! मुलाच्या प्रत्येक गोष्टीत आपण हा क्रम उलटा लावतो. पेन्सिल धरण्याएवढी बोटे घट्ट होण्याआधी अक्षरे, भूक लागण्याआधी घास, राग शमण्याआधी उपदेश. हा क्रम सुलट करणे, हीच पालकांची पहिली तालीम. ती शिकवावी लागते; कारण आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या लहानपणी उलटाच क्रम पाहिलेला असतो.

आजींच्या वेळी हे शिकविणारे कोणी नव्हते, हेही खरे नाही. घरात सासू होती, जाऊ होती, आत्या होती, ओसरीवर दहा मुले एकत्र वाढत होती. नवी आई सहा महिने नुसते पाहूनच निम्मे शिकत असे, आणि बाकीचे तिला टोमण्यांतून शिकविले जाई. गवयाच्या घरातील मूल झोपेतही तंबोरा ऐकते, तसे ते होते. आता नवरा-बायको लालबागेकडे दोन खोल्यांत, आजी-आजोबा रावेरला, मावशी नाशिकला. घराण्यातून आपोआप मिळणारी तालीम थांबली. मग ती कोणी तरी, कोठे तरी, ठरवून द्यावयास नको काय?

येथूनच दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे पैशाकडे, वळतो. ह्या बाबतीत गाण्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित भातखंड्यांच्या योजनेतून १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. गुरूच्या पायांशी बसून मिळावयाची विद्या फळ्यावर आणि घड्याळावर कशी शिकविणार, अशी नाके तेव्हाही मुरडली गेली. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. वर्गातून फारसे गवई निघाले नाहीत. परंतु ऐकणारे निघाले, शिकविणारे निघाले, आणि घरंदाज मुलींना गाण्याचा दरवाजा उघडला. आज आपल्या घरांत सुना-लेकी उजळ माथ्याने गातात, त्यामागे त्या फी घेणाऱ्या शाळा आहेत.

माझे वडील एका संस्थानिकाच्या पदरी गवई होते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि वाड्यावरची त्यांची नेमणूकही गेली. मग त्यांनी शिकवण्या धरल्या. पहिल्या महिन्याची फी घेताना त्यांना इतका संकोच झाला की, पाकीट त्यांनी दोन दिवस देव्हाऱ्यात तसेच ठेवले होते, असे आई सांगे. पुढे मात्र तेच म्हणत, “दरबारात एका माणसाला गाणे ऐकवीत होतो, आता चाळीस घरांत जाते.” दरबारचा पगार हा मान, आणि विद्यार्थ्याची फी ही लाज, हा भेद त्यांच्या मनातून जावयास बरीच वर्षे लागली. बायकांच्या कामाच्या बाबतीत तो आपल्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याचा मोठा पुरावा ताराबाईंच्याच कामातून निघालेल्या एका शब्दात आहे. १९४५ साली त्या मुंबई सोडून बोर्डीस गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिक्षण स्वतःच्या हिमतीवर केलेले. बालवाडी काढली तरी गरिबांची मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरामागे जाई. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातच कुरणशाळा भरू लागली. मॉन्टेसरींचे महागडे साहित्य बाजूस ठेवून खडे, बिया, शिंपले आणि पाने ह्यांवर मोजणे शिकविले जाई. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

एवढा विस्तार झाला. पण त्या चालविणाऱ्या सेविकेला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे ह्या सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मिळाला. आपल्या मुलांना न्हाऊ-माखू घालून अक्षराच्या उंबरठ्यापर्यंत आणणाऱ्या बायकांचे काम हे काम आहे, असे म्हणावयास योजनेपासून ४७ वर्षे गेली. बिनपैशाच्या सेवेची आपण फार स्तुती करतो. त्या स्तुतीवर त्या बाईचे घर चालत नाही, हे सोयीस्करपणे विसरतो. ताराबाईंनाही पोटापाण्याचा प्रश्न होता, मुलगी वाढवावयाची होती. त्यांनी आपले कर्तृत्व दानधर्म म्हणून नव्हे, आयुष्याचा व्यवसाय म्हणून उभे केले, म्हणून ते टिकले.

पुण्याकडे ही परंपरा पुढेही चालू राहिली. १९८५ पासून गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी मुलांना मोकळे खेळू देण्याचे काम केले आणि ‘आपली मुलं’ हे पुस्तक पालकांच्या हाती दिले. १९८७ साली संजीवनी कुलकर्णी यांनी ‘पालकनीती’ मासिक सुरू केले. केवळ पालकत्वावर एक मासिक मराठीत इतकी वर्षे चालावे, ह्यावरूनच विषयाची गरज दिसते.

तरीही एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या व्यवसायात आज भीती विकणारेही पुष्कळ आहेत. ‘तुमचे मूल मागे पडेल’, हे एक वाक्य बोलून हजारो रुपये उकळता येतात. मग खरे-खोटे ओळखावे कसे? गाण्याचा गुरू निवडताना जे पाहावे तेच येथे पाहावे. तो शिष्याचा गळा ऐकून शिकवितो की सर्वांना एकच तान देतो? आपल्याला येत नाही ते येत नाही असे सांगतो काय? आणि त्याच्याकडे गेल्यावर शिष्य हळूहळू आपल्या पायांवर उभा राहतो, की जन्माचा बांधला जातो?

शनवाऱ्याच्या बाईंचे ह्या कसोटीवरचे एक उदाहरण मी जवळून पाहिले. चार वर्षांचा एक मुलगा बोलेना. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि बालवर्गात इंग्रजी. कोणा जाणत्याने सल्ला दिला होता की, घरातही सगळ्यांनी इंग्रजीच बोला, म्हणजे गोंधळ होणार नाही. आईला इंग्रजी बेताचे, आजीला मुळीच नाही. परिणाम असा झाला की, त्या मुलाशी घरात कोणी मनापासून बोलेनासेच झाले. बाईंनी प्रथम त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठविले. “कान तपासून आणा, मग माझ्याकडे या,” एवढेच सांगितले आणि त्या दिवशीची फी घेतली नाही. कान चांगले निघाले. मग त्यांनी आईबापांना एकच काम दिले : रोज अर्धा तास मुलाजवळ बसा, काही विचारू नका, काही शिकवू नका, तो काय करतो ते वहीत लिहा. आणि घरात आपली मराठी बोला. तीन आठवडे बापाची वही कोरी होती, कारण अर्धा तास गप्प बसणे त्याला जमेना. चौथ्या आठवड्यात त्याने लिहून आणले : ‘तो पातेल्यांची झाकणे वाजवून पाहतो, आणि एकच पुन्हा पुन्हा वाजवितो.’ ते वाचून बाईंनी मुलाला माझ्याकडे धाडले. पहिले दोन महिने तो नुसता तबल्याशेजारी बसे. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी माझ्या मागोमाग ‘धा’ म्हणाला. आता तो बोलतो; अजून मोजकेच, पण आजीशी मराठीत आणि मित्रांशी हिंदीत, बिनचूक वेगळे. बाईंनी त्या आईबापांना मार्चमध्येच सांगून टाकले की, आता तुम्हाला माझ्याकडे येण्याची गरज नाही. खोलीचा खर्च भागत नसताना असे सांगावयास धैर्य लागते.

मातृभाषेतून आरंभ करावा, असे २०२० चे शिक्षण धोरण म्हणते. मुलांना मारू नये, मानसिक त्रास देऊ नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शाळांना बजावते. धोरणे आणि कायदे दिल्लीत होतात. ते बऱ्हाणपूरच्या एखाद्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवावयाचे तर मध्ये कोणी तरी माणूस लागतो. आमच्याकडे कुंडी भंडाऱ्याचे पाणी चारशे वर्षे सातपुड्यातून शहराकडे येते ते जमिनीखालच्या वाटेने, केवळ उताराच्या बळावर. वाटेवर जागोजाग कुंड्या खणल्या म्हणून ते लोकांच्या घागरीत पडले. बाईंची खोली ही अशीच एक कुंडी आहे.

जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. असे काम करणारी सून किंवा लेक तुमच्या घरात असेल, तर ‘आम्ही काय मुले वाढवली नाहीत?’ असे विचारण्यापूर्वी एकदा तिच्या वर्गात जाऊन बसा. तुमच्या अंगाई, तुमच्या ओव्या, बाळगुटी उगाळताना सांगितलेल्या गोष्टी तिला हव्याच आहेत. आजींना सुनेने तसे बोलावलेही आहे. आजींनी अजून होकार दिलेला नाही. परंतु गेल्या शनिवारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, दाराआड, त्या बसून होत्या, हे मी पाहिले आहे.

पाडव्याला अजून अवकाश आहे. त्या खोलीत दहा पालकांच्या जोड्या बसू शकतात. सध्या सहा येतात. चार जागा रिकाम्या आहेत.